पहारेकऱ्याच्याच घरी मुक्काम

कर्जत-खालापूरच्या ठाकर-कातकरी वाड्यांवर कुष्ठरोग शोध मोहिमेत आशाताई अंगावरचे फिकट चट्टे बघत फिरतात. चट्टा खाजत नाही, दुखत नाही. म्हणूनच कुणी दाखवत नाही. त्यामागचा जंतूही लपण्यात पटाईत. शरीरातली भक्षक पेशी त्याला गिळून एका पिशवीत कोंडते. पाचक रसांची दुसरी पिशवी येऊन तिला मिळाली की जंतू संपायला हवा. हा ती गाठभेटच होऊ देत नाही. उलट पेशीला चरबीचे थेंब साठवायला लावतो. सूक्ष्मदर्शकाखाली ती फेसाळलेली दिसते. तिथे तो निवांत वाढतो. एकाचे दोन व्हायला १२ ते १४ दिवस, क्षयाच्या जंतूला जेमतेम एक दिवस! गारवा त्याला मानवतो, म्हणून नमुना कानाच्या पाळीतूनही घेतात. १८७३ मध्ये नॉर्वेच्या हान्सेन यांनी तो शोधला, पण प्रयोगशाळेतल्या बशीत तो अजून कुणालाही वाढवता आलेला नाही.

मज्जातंतूंच्या आवरणातही तो शिरतो आणि स्पर्श हरपतो. म्हणून तपासताना डोळे मिटायला सांगतात, पेनाचं टोक अलगद टेकवतात आणि विचारतात, ‘कुठं लागलं, बोट ठेव.’ चट्ट्यावर बोट जात नसेल, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. औषधं मोफत आहेत. सहा महिने किंवा वर्षभर, एकही मात्रा न चुकवता घ्यायची.