एसजीपीए काढताय? आधी क्रेडिट बघा
निकाल लागला रे लागला की ग्रुपवर चुकीचे एसजीपीए फिरू लागतात, कारण मंडळी ग्रेड पॉइंटची सरळ सरासरी काढून मोकळी होतात. यूजीसीच्या १० पॉइंटच्या पद्धतीत ‘ओ’ला १०, ‘ए’ला ८, ‘बी’ला ६, पण विषयाचं वजन ठरतं क्रेडिटवर.

समजा, गणित ४ क्रेडिट, बी. भौतिकशास्त्र ४ क्रेडिट, ए. प्रॅक्टिकल १ क्रेडिट, ओ. क्रेडिट आणि ग्रेड पॉइंटचे गुणाकार २४, ३२ आणि १०. बेरीज ६६, भागिले एकूण क्रेडिट ९, उत्तर ७.३३. सरळ सरासरीत ८ आले असते! प्रॅक्टिकलचा ‘ओ’ दिसायला झकास, पण जोर एकाच क्रेडिटचा. खरी मेहनत गणितावर घ्या.

सगळ्या सेमिस्टरच्या एकत्रित सीजीपीएचंही तेच. सेमिस्टरचे क्रेडिट कमीजास्त असतील तर एसजीपीएची नुसती सरासरी चालत नाही.