कपाटांतलें औषध

गेल्या श्रावणांत आम्ही सहकुटुंब कोंकणांतील मूळ घरीं गेलों होतों. आमची आंब्याफणसांची लहानशी वाडी जो गृहस्थ सांभाळतो, त्याच्या वडिलांनींही ती सांभाळली होती. तेव्हां त्याचें-आमचें नातें केवळ मजुरीचें नाहीं, हें वाचकांस सांगणें नकोच. एके दिवशीं तिन्हीसांजेला गोठ्याकडे जातांना त्याच्या पायास घोणस चावली. पूर्वीं अशा वेळीं लोक मांत्रिकाकडे धांव घेत. त्याच्या पत्नीनें तसें केलें नाहीं. तिनें शेजाऱ्याची रिक्षा बोलाविली आणि पाऊण तासाच्या आंत नवऱ्याला प्राथमिक आरोग्य केंद्रांत पोंचविलें. आम्हीही मागोमाग गेलों.

केंद्राची इमारत पाहून आम्हांस धीर आला. भिंतींस नवा रंग, दाराशीं लसीकरणाचे फलक, आंत बाळंतिणींसाठीं स्वच्छ खाटा. परंतु मंजूर असलेल्या दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांपैकीं एकाची जागा रिकामी होती, आणि दुसरे प्रशिक्षणासाठीं जिल्ह्याच्या गांवीं गेले होते. रात्रपाळीच्या परिचारिकेनें पाय पाहिला, सलाईन लावलें आणि मग कपाट उघडून आम्हांस दाखविलें. सर्पदंशावरील लस त्या कपाटांत होती! "काका, औषध आहे, पण डॉक्टर नसतांना मी तें देऊं कशी? रोग्याला कांहीं विपरीत झालें तर मला कोण सोडवील?" चाळीस वर्षें मुलांचे प्रश्न सोडविण्यांत घालविलेल्या आम्हांस या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं.

पुढें १०८ क्रमांकाची गाडी आली. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत गेलों, तों हिरड्यांतून रक्त येऊं लागलें होतें. तेथील तरुण डॉक्टरांनीं जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. संध्याकाळीं सातला दंश झालेल्या माणसाला लसीचा पहिला थेंब रात्रीं साडेबारानंतर मिळाला. तो वांचला, ही ईश्वराची कृपा. पण घोणशीचें विष मूत्रपिंडांवर उतरतें. पांच आठवडे त्याला रुग्णालयांत राहून यंत्रानें रक्त शुद्ध करून घ्यावें लागलें. उपचार निःशुल्क होते. तरी जाणें-येणें, जेवणखाण, बाहेरून कराव्या लागलेल्या तपासण्या आणि बुडालेली मजुरी यांपायीं त्याच्या पत्नीच्या गळ्यांतील दोन तोळे सोनें गहाण पडलें. आम्हांला ही गोष्ट फार उशिरां कळली, आणि ती तिनें नव्हे, दुसऱ्यानेंच सांगितली.

अशा प्रसंगीं त्या परिचारिकेस दोष देणें अगदीं सोपें असतें. आम्हीही त्या रात्रीं मनांतल्या मनांत तो दिला. पण शांतपणें विचार करतां असें दिसतें कीं जिच्या हातीं औषध दिलें, तिला तें वापरण्याचें शिक्षण, अधिकार व अभय यांपैकीं एकही गोष्ट दिली नव्हती. सर्पदंशानें आपल्या देशांत वर्षाकांठीं सुमारें ५८,००० माणसें मरतात, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत मांडला आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांतलीं, शेतांत राबणारीं. केंद्र सरकारनें २०२४ सालीं राष्ट्रीय कृतियोजना जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचें ठरविलें आहे. उद्देश स्तुत्य आहे. पण तो सफल व्हायचा तर दिल्लींत नव्हे, अशा कपाटांपाशींच.

हें प्राथमिक केंद्र कोणाच्या कल्पनेंतून निघालें, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. १८७८ सालीं नाशिक येथें जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं १९४३ सालीं एक समिती नेमण्यांत आली. तिनें १९४६ सालीं असें सुचविलें कीं प्रारंभीं दर ४०,००० वस्तीस एक केंद्र व त्यांत दोन डॉक्टर असावेत, आणि पैसा नाहीं म्हणून कोणी उपचारांस मुकूं नये. १९५२ पासून अशीं केंद्रें निघूं लागलीं. आज सपाट प्रदेशांत ३०,००० आणि डोंगराळ वा आदिवासी मुलखांत २०,००० लोकांमागें एक केंद्र, असा दंडक आहे. इमारतींच्या हिशेबानें पाहिलें तर आपण भोरांच्या पहिल्या पायरीच्या पुढें गेलों. ते दोन डॉक्टर मात्र अजून सर्वत्र मिळत नाहींत.

आणि एक केंद्र, एक डॉक्टर काय करूं शकतो, याचा दाखला याच कोंकणांत आहे. १९७६ सालीं डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशानें धडधाकट मुलें हृदय थकून मरत असलेलीं त्यांनीं पाहिलीं. दुसरा असता तर चिठ्ठी लिहून मोकळा झाला असता. हे गृहस्थ रोग्याच्या उशाशीं बसून लक्षणें टिपीत राहिले, आणि रक्तदाबावरील प्राझोसिन नांवाच्या एका साध्या औषधानें हे रोगी वांचतात असें त्यांनीं दाखवून दिलें. लंडनच्या 'लॅन्सेट'मध्यें त्यांचे लेख प्रसिद्ध झाले. २०२२ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. परंतु प्रत्येक केंद्रास बावस्कर मिळावेत, अशी व्यवस्था कोणतेंही सरकार करूं शकणार नाहीं. सामान्य माणसाकडून उत्तम काम व्हावें, एवढी व्यवस्था मात्र करतां येते.

ती कशी, तें पाहूं. सर्पविष अंगांत भिनलें कीं नाहीं हें ओळखण्याची एक सोपी रीत सरकारी मार्गदर्शिकेंतच दिलेली आहे: कोरड्या स्वच्छ कांचेच्या नळींत थोडें रक्त घेऊन २० मिनिटें न हलवितां ठेवावें, गोठलें नाहीं तर घोणस-फुरशासारख्यांचें विष पसरलें असें समजावें. यास कोणतें मोठें यंत्र लागतें? ही परीक्षा आणि लसीची पहिली मात्रा, दोन्ही प्राथमिक केंद्रांतच व्हाव्यात. डॉक्टर हजर नसतील तर जिल्ह्याच्या तज्ज्ञानें दूरध्वनीवरून आज्ञा द्यावी आणि ती नोंदवहींत उतरून परिचारिकेस संरक्षण मिळावें. औषधांच्या खरेदीसाठीं तमिळनाडूनें १९९४ सालींच स्वतंत्र महामंडळ काढलें. आपल्याकडे तशा प्राधिकरणाचा कायदा व्हावयास २०२३ साल उजाडलें. विमायोजनेनें मोठ्या शस्त्रक्रियांचा भार हलका होतो, हें खरें; पण पहिला तास विम्यानें विकत मिळत नाहीं. पैशाचें म्हणाल तर २०१७ च्या आरोग्यधोरणानें २०२५ पर्यंत सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा अडीचपर्यंत नेण्याचें लिहिलें होतें. २०२१-२२ च्या लेख्यांत तो १.८४ होता.

येथें आमच्यासारख्यांनीं थोडें अंतर्मुख व्हावें. आमचा जन्म सरकारी रुग्णालयांत झाला. आमच्या मुलांचे जन्म खासगी प्रसूतिगृहांत झाले. नातवंडांचे कोठें झाले हें बिल पाहून लक्षांत राहिलें आहे! ज्यांचे अर्ज कचेरींत वाचले जातात, तेच लोक त्या रांगेंतून उठून गेले. मागें उरलेल्यांस अर्ज कोणाच्या नांवें करावा हेंही ठाऊक नसतें. आम्ही शाळेंत नागरिकशास्त्र शिकवीत होतों, तरी आपल्या केंद्रास रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यापुढें तक्रार मांडतां येते, हें आम्हांस या प्रसंगानंतरच कळलें.

त्या समितीस आम्ही पत्र लिहिलें, आणि मार्गशीर्षांत पुन्हां गांवीं गेलों. एक जागा भरली गेली होती. विदर्भांतील एक तरुण डॉक्टरीण पदवीनंतरच्या एक वर्षाच्या बंधपत्रावर आली आहे. परिचारिकेनें मेजाच्या खणांतून कांचेची नळी काढून आम्हांस दाखविली; दोनदां ती वापरली, म्हणाली. परंतु डॉक्टरांसाठीं बांधलेलें निवासस्थान पहिल्या पावसापासून गळत होतें, आणि रोज तीस किलोमीटर जाऊन-येऊन ती मुलगी थकली होती. आमच्या घराची माडी बारमास कुलुपांतच असते. सौभाग्यवतींनीं तेथेंच किल्ली तिच्या हातीं ठेविली; भाड्याचा शब्द काढूं दिला नाहीं. आतां रात्रीं हांक आली तर ती दहा मिनिटांत केंद्रांत पोंचते. तिचें बंधपत्र येत्या आषाढांत संपतें. दुसरी जागा तोंवर भरेल काय, हें आम्ही तिला विचारलें. तिलाही तें ठाऊक नव्हतें.