जुन्या डीव्हीडी ड्राइव्हचं फर्मवेअर अपडेट करावं का? आधी हे वाचा

पनवेल : नवी मुंबई विमानतळासाठी पनवेल तालुक्यातली दहा गावं उठली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर अशा गावांतली कुटुंबं पुनर्वसन वसाहतींत राहायला गेली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्‌घाटनही झालं. जुनं घर, अंगणातला मांडव, हळद हे सारं काहींकडे आता फक्त लग्नाच्या डीव्हीडीत उरलं असेल. ती डिस्क अडकू लागली, की सल्ला मिळतो, 'ड्राइव्हचं फर्मवेअर अपडेट करा.' त्याने खरंच फरक पडतो का?

फर्मवेअर म्हणजे काय?
ड्राइव्हच्या आतल्या चिपमध्ये साठवलेला प्रोग्राम. लेझरची ताकद किती ठेवायची, डिस्क किती वेगाने फिरवायची, हे तो ठरवतो.

बर्न करताना काय फरक पडतो?
कोऱ्या डीव्हीडीवर निर्मात्याचा कोड असतो. ड्राइव्ह तो कोड फर्मवेअरमधल्या यादीत शोधतो. सापडला, तर त्या डिस्कच्या रासायनिक थराला जुळणारी लेझरची सेटिंग वापरतो. नाही सापडला, तर सर्वसाधारण सेटिंगवर काम भागवतो. मग डिस्क बर्न होते, पण तिच्यात चुका जास्त राहू शकतात. अपडेटमधून नवे कोड आणि सुधारित सेटिंग मिळतात.

थोड्या चुका प्रत्येक डिस्कवर असतात. डीव्हीडीच्या मानकानुसार लागोपाठच्या ८ ब्लॉकमध्ये २८० पर्यंत 'पीआय' चुका चालतात. ड्राइव्ह त्या वाचतानाच दुरुस्त करतो.

जुनी डिस्क वाचेल का?
कधी कधी. नव्या फर्मवेअरमुळे ड्राइव्ह वेग कमी करून, पुन्हा पुन्हा प्रयत्न करून वाचू शकतो. पण डिस्कवर आधी जे बर्न झालं आहे, ते अपडेटने बदलत नाही. खोल चरा, बुरशी किंवा फिका पडलेला थर यांवर फर्मवेअर हा इलाज नाही.

धोका काय?
फर्मवेअर बिघडलं, तर ड्राइव्हच निकामी होऊ शकतो. ऑक्टोबर २००३ मध्ये मॅन्ड्रेक लिनक्स ९.२ इन्स्टॉल करताना एलजीचे काही सीडी-रॉम ड्राइव्ह बंद पडले. लिनक्सने पाठवलेली 'कॅशे रिकामी करा' ही कमांड त्या ड्राइव्हनी फर्मवेअर अपडेटची कमांड म्हणून घेतली होती.

मग काय करावं?
- डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल फिरवून नको.
- दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हवर लावून पाहा. चालली, तर लगेच कॉपी करा.
- अपडेट करायचंच असेल, तर नेमक्या मॉडेलची फाइल कंपनीच्या साइटवरूनच घ्या.
- अपडेटच्या वेळी ट्रे रिकामा ठेवा, लॅपटॉप चार्जिंगला लावा. मध्येच वीज गेली, तर ड्राइव्ह गेला.

कॉपी मिळाली, की ती हार्ड डिस्कवर आणि आणखी एका ठिकाणी ठेवा. ड्राइव्ह बाजारात दुसरा मिळेल, जुन्या अंगणातलं ते लग्न नाही.