धारित्र मायक्रोफोन : नभोवाणी स्टुडिओसाठी निवड

या मायक्रोफोनात ध्वनितरंगांनी कंप पावणारे पातळ पटल व त्यामागील स्थिर पट्टिका यांचे मिळून धारित्र बनते. त्यांमधील अंतर बदलल्याने विद्युत् संकेत मिळतो. अमेरिकन भौतिकीविज्ञ ई. सी. वेंट यांनी १९१६ मध्ये तो तयार केला. पटल हलके असल्याने आवाजातील बारकावे स्पष्ट उमटतात. मात्र पंख्याची घरघर, कागदांची सळसळ व भिंतींवरून परावर्तित होणारा ध्वनीही तो टिपतो. म्हणून निवडीपूर्वी कक्षाची परीक्षा करणे आवश्यक असते. हृदयाकृती ग्रहणक्षेत्राचा मायक्रोफोन मागील बाजूचा ध्वनी पुष्कळ कमी करतो. तथापि निवेदक फार जवळ बसल्यास आवाजातील खर्ज अवास्तव वाढतो. बहुतेक प्रकारांना ४८ व्होल्ट विद्युत् पुरवठा लागतो. कक्षातील ध्वनिशोषण अपुरे असल्यास निवेदकाजवळ ठेवलेला चल-वेटोळ्याचा मायक्रोफोनच श्रेयस्कर ठरतो.