मालवणचे वाटाडे

मालवणला जाण्याचें ज्या वाचकांनीं मनांत योजिलें असेल, त्यांस आरंभींच एक सुचवावेंसें वाटतें. प्रवासांत बरोबर पुस्तक खुशाल असावें. परंतु मालवणच्या धक्क्यावर येतांच तें पिशवींत ठेवून एखादा जाणता नावाडी गांठावा. मालवण अर्धें जमिनीवर व अर्धें पाण्यांत वसलें आहे, आणि त्यांतील पाण्याकडचा भाग पुस्तकांत फारसा सांपडत नाहीं. तो येथील गाबित मंडळींच्या तोंडीं आहे.

आमच्या घरचीं लहानथोर मिळून सात माणसें मार्गशीर्षांत तिकडे गेलीं होतीं. कुडाळ स्टेशनावर उतरून मोटारीनें सुमारें तीस किलोमीटर आलें कीं मालवणचा बाजार लागतो, आणि बाजार संपला कीं समुद्र. समोर सिंधुदुर्ग इतका जवळ दिसतो कीं, होडी नीट सरळ जाऊन त्याला लागेल असें वाटावें. पण ती वळसे घेत जाते. आमच्या वडील बंधूंनीं तांडेलास विचारलें, "तात्या, वाट अशी वांकडी कां?" म्हातारा हंसून म्हणाला, "समोर खडक असा. भरतीक दिसाचो नाय." मग तुम्हांला कसा कळतो? "पाण्याचो रंग बघून." रंगाखेरीज त्याच्या दुसऱ्याहि खुणा होत्या. किनाऱ्यावरचें एक देऊळ व त्यामागील एक उंच माड हीं एका रेषेंत आलीं म्हणजे सुकाणूं फिरवावयाचें. पुढें एक बुरूज व दूरच्या टेकडीचें टोंक जुळलें कीं पुन्हां फिरवावयाचें. अशा कितीतरी जोडखुणा त्याला पाठ होत्या. शाळेंत तो चार इयत्तांपलीकडे गेला नव्हता.

हे बुडालेले खडक म्हणजेच किल्ल्याचा पहिला तट होय. जंजिऱ्याचा सिद्दी हातीं लागेना, तेव्हां शिवाजी महाराजांनीं स्वतःचें समुद्रावरील ठाणें उभारण्याचें ठरविलें व कुरटे नांवाचें हें बेट निवडलें. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं पाया घातला गेला व १६६७ सालीं किल्ला पुरा झाला. कामावर हिरोजी इंदुलकर होते. बेटाची व खडकांची खबर देणाऱ्या कोळ्यांस महाराजांनीं गांवें इनाम दिलीं, अशी कथा सांगतात. कथेंत अतिशयोक्ति असेल. परंतु परक्या जहाजाला जी वाट सांपडूं नये तीच आपल्या होडीला सांपडावी, ही योजना इथल्या पाण्यांत हयात घालविलेल्या माणसावांचून कोणास सुचेल? इंग्रजांनीं १७६५ मध्यें किल्ला घेऊन त्याचें नांव फोर्ट ऑगस्टस असें ठेविलें, पण लवकरच तो परत द्यावा लागला. १८१२ मध्यें मात्र कोल्हापूर दरबाराकडून मालवण त्यांच्याकडे कायमचें गेलें.

किल्ल्याचा दरवाजा अगदीं जवळ जाईपर्यंत दिसत नाहीं. आंत गेल्यावर दुसरा वाटाड्या मिळाला. हा कॉलेजांत शिकणारा मुलगा, किल्ल्यांतच राहणाऱ्या कुटुंबांतला. क्षेत्र अठ्ठेचाळीस एकर, तटाचा घेर सुमारें दोन मैल, पायाच्या दगडांत ओतलेलें शिसें, चुन्यांत उमटलेले महाराजांच्या हाताचे व पायाचे ठसे, हें सर्व त्यानें आरतीसारखें एका दमांत म्हटलें. मुलांनीं वहींत लिहून घेतलें. मग आमच्या वहिनींनीं सहज विचारलें, "पावसाळ्यांत होड्या बंद होतात, त्या वेळीं तुमच्या घरीं कोणाला बरें नसलें तर काय करतां हो?" मुलगा थांबला, आणि त्यापुढें जें बोलला त्यांत पाठ केलेलें कांहीं नव्हतें. पाऊस लागण्यापूर्वींच तांदूळ, तेल, जळण भरून ठेवावें लागतें. मुलें शाळेसाठीं गांवांत नातलगांकडे राहतात. बहुतेक कुटुंबें आतां पावसाळ्यापुरतीं गांवांतच जातात, पण राजाराम महाराजांनीं बांधलेल्या शिवराजेश्वराच्या देवळांत दिवा लागला पाहिजे. त्या देवळांतील महाराजांची मूर्ति बिनदाढीची आहे, व डोक्यावर नाविकाची शोभावी अशी टोपी. कांदळगांवचा रामेश्वर दर तीन वर्षांनीं समुद्र ओलांडून त्यांच्या भेटीस येतो. हातापायांच्या ठशांविषयीं इतिहाससंशोधक काय म्हणतील तें म्हणोत; तेथें हात न जोडतां पुढें गेलेला मालवणी माणूस आम्हांला दिसला नाहीं.

दूधबाव, दहीबाव व साखरबाव ह्या तीन विहिरींचें पाणी गोड आहे. चारी बाजूंस खारें पाणी असतां हें कसें, असा प्रश्न मुलांना पडतोच. बेटावर पडलेला पाऊस खालीं मुरतो, आणि गोडें पाणी खाऱ्याहून हलकें असल्यामुळें तें त्याच्यावर तरंगून राहतें. विहीर बेताची खणली व उपसा बेतानें केला तर तें टिकतें. हांवेनें उपसलें तर खालून खारें पाणी वर चढतें.

पद्मगडाला जातांना तांडेलाची खरी योग्यता समजली. हा लहानसा दुर्ग दांडीच्या किनाऱ्यासमोर आहे, आणि ओहोटीच्या वेळीं वाळूच्या पट्टीवरून तेथें चालत जातां येतें. पूर्वीं तेथें गलबतें बांधीत. आम्ही रमतगमत पाहत होतों; म्हाताऱ्याची दृष्टि मात्र वाळूवरच्या एका दगडाकडे लागलेली. दगडाचा पाय ओला झाला मात्र, "पाणी फिरला, चला," असें म्हणून त्यानें सर्वांस हांकलेंच. परत आलों तेव्हां आम्ही गेलेल्या वाटेवर घोटाभर पाणी होतें. वाटेंत राजकोट दिसतो. तेथें नौदल दिनाच्या निमित्तानें ४ डिसेंबर २०२३ रोजीं अनावरण झालेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजीं कोसळला, व २०२५ सालीं नवा उभारला गेला. तांडेल त्याविषयीं बोलला नाहीं. श्रावणांतल्या वाऱ्याविषयीं मात्र बराच वेळ बोलला.

ह्या विद्येचें पुढें काय होणार, हा विचार मनाला लागून राहतो. ती मासेमारीच्या पोटीं जन्मली. रापणीचें अवाढव्य जाळें किनाऱ्यावरून चाळीस-पन्नास माणसें ओढीत व मिळालेल्या मासळीचे वाटे घालीत. पुढें यांत्रिक नौका व पर्ससीनचीं जाळीं आलीं, मासळी कमी झाली, आणि २०१६ सालीं शासनानें पर्ससीनवर निर्बंध घातले तरी तंटे मिटले नाहींत. १९८७ मध्यें सुमारें २९ चौरस किलोमीटर समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, त्यालाहि मच्छिमारांनीं विरोध केला. आपल्याच पाण्यांत आपणांस बंदी होईल, ही त्यांची भीति. अलीकडे त्यांचींच मुलें पाठीवर हवेचें नळकांडें बांधून पर्यटकांस स्कूबा डायव्हिंगसाठीं तळाशीं नेतात व प्रवाळ दाखवितात. त्यांत कमाई बरी होते. परंतु रोज त्याच एका जागीं पर्यटक उतरविणाऱ्या तरुणाला बाकीच्या खडकांची ओळख कोठून राहावी? आमचा तांडेल म्हणाला कीं, त्याच्या नातवाला पाण्याखालचें सगळें दिसतें, पण वरून कांहीं ओळखतां येत नाहीं.

दर्या मात्र कोणाची गय करीत नाहीं. २४ मे २०२२ रोजीं तारकर्लीजवळ पर्यटकांस घेऊन परतणारी होडी उलटून दोघांचे प्राण गेले. म्हणून होडी ठरवितांना भाड्याची घासाघीस करण्याऐवजीं तांडेल किती वर्षें पाण्यांत आहे तें विचारावें, जीवरक्षक जाकिटें सर्वांच्या, विशेषतः मुलांच्या, अंगांत घालावयास लावावीं, आणि तो "आज नको" म्हणाला तर हट्ट धरूं नये. पाण्यांत उतरणाऱ्यांनीं प्रवाळावर पाय ठेवूं नये, व होडीचा नांगर त्यावर टाकूं देऊं नये. तो दगडासारखा दिसला तरी सजीव आहे.

दोन दिवस अधिक असल्यास धामापूरचा तलाव पाहावा. १५३० सालीं बांधलेला हा तलाव अजून पाणी पुरवितो. २०२० मध्यें त्याची जागतिक सिंचन वारशांत गणना झाली. कांठीं भगवतीचें देऊळ आहे, आणि तेथील सांवलींत आमच्या वृद्ध मंडळींना किल्ल्यापेक्षांहि अधिक समाधान वाटलें. देवबागेंत एका बाजूस कर्ली नदी व दुसऱ्या बाजूस समुद्र, मधें माडांची चिंचोळी पट्टी. ती वर्षानुवर्षें समुद्र कुरतडीत आहे, हें वाटाड्याच्या तोंडूनच ऐकावें, कारण कोठला माड कधीं गेला तें त्याला आठवतें.

मासे न खाणाऱ्यांनीं मालवणांत आपली आबाळ होईल अशी धास्ती बाळगूं नये. घावणे, सोलकढी, आणि नारळाच्या गोड रसांतले शिरवाळे कोणत्याहि घरगुती खानावळींत आदल्या दिवशीं सांगून ठेवल्यास मिळतात. जावें तें दिवाळीनंतर. ज्येष्ठ लागण्यापूर्वींच किल्ल्याच्या होड्या बंद होतात, आणि फाल्गुनानंतर ऊन वृद्धांना सोसत नाहीं. अष्टमीच्या सुमारास गेल्यास ओहोटी फार उतरत नाहीं, सबब पद्मगड पायीं पाहावयाचा असेल तर अमावास्या किंवा पौर्णिमा साधावी. नक्की वेळ तांडेल आदल्या संध्याकाळीं सांगतो.