करवंटीतली मेथी
पावसाळा लागला की आमच्या बालवाडीत मी प्लास्टिकची खेळणी कपाटाबाहेर काढतच नाही. चार वर्षांच्या मुलाच्या हातात करवंटी द्यावी, माती भरू द्यावी, चिमूटभर मेथी पेरू द्यावी. दोन-तीन दिवसांत कोंब वर येतात. परवा एक मुलगी करवंटीला नाक टेकवून बसली होती. कोंबाच्या टोकाला बीचं साल अडकलं होतं. “बाई, यानं टोपी घातलीय!” ती ओरडली आणि सगळी पोरं तिच्याभोवती गोळा झाली. त्या दिवशीचा धडा तिनंच घेतला.

ही वाट बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची. १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडला त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांतूनच शिकवलं. खेड्यात महागडी साधनं येणार तरी कुठून?

चिंचोके मोजायला, रांगोळीसारखे मांडायला उत्तम. मात्र तीन वर्षांखालच्या मुलांना बिया देऊ नका, घशात अडकतात. लालचुटुक गुंजा तर कुणालाच नकोत, त्या विषारी असतात.

आज नारळ फोडाल तेव्हा करवंटी तेवढी टाकू नका.