घरभाड्याची अनामत आणि तिची परतफेड

भाड्याचे घर सोडताना कुटुंबाची खरी ओढाताण होते ती पैशापायी. नव्या घराची अनामत आधी मोजावी लागते आणि जुन्या घराची अद्याप हाती आलेली नसते. बीडला बदलून आलेला शिक्षक, अंबाजोगाईस वैद्यकीय महाविद्यालयापाशी खोली घेऊन राहणारा विद्यार्थी, पेठेतला लहान दुकानदार, सर्वांचीच ही अडचण. म्हणून अनामत म्हणजे काय, हेच प्रथम पाहू. ती भाडे नव्हे, बक्षीसही नव्हे. ती भाडेकरूची ठेव असून मालकाकडे केवळ तारण म्हणून असते.

बीड हैदराबाद राज्यात असताना १९५४ साली तेथील घरभाडे नियंत्रणाचा कायदा झाला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, तरी आपल्याकडे तोच कायदा चालू राहिला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याने तो रद्द केला. हा अधिनियम ३१ मार्च २००० पासून अंमलात आहे. त्याचे पंचावन्नावे कलम प्रत्येक भाडेकरूने वाचण्याजोगे आहे. करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. मालकाने ती पाळली नाही, तर कराराच्या अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. एकतिसाव्या कलमान्वये घेतलेल्या प्रत्येक रकमेची पावती देणेही मालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडे मात्र 'घरचेच आहेत, पावती कशाला?' असे म्हणून व्यवहार होतो, आणि भांडणाचे बी तेथेच पडते.

आता मुख्य वाद वजावटीचा. समजा, अनामत तीस हजारांची आहे. विजेचे बिल अकराशे पन्नास थकले आहे आणि मुलांच्या हातून फुटलेले बेसिन बसवण्यास तेवीसशे पन्नास लागले. हे साडेतीन हजार कापणे रास्त आहे. पण मालक वर नऊ हजार रंगाचे मागू लागला तर? पाच वर्षे राहिलेल्या घराचा रंग उडणारच. मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे (१८८२) भाडेकरूने घर पूर्वीच्या स्थितीत ठेवावयाचे, परंतु वापराने होणारी स्वाभाविक झीज त्यातून वगळली आहे. तेव्हा साडेसव्वीस हजार परत मिळावयास हवेत.

अनेकजण दोन उपाय योजतात आणि दोन्ही धोक्याचे आहेत. एक, शेवटचे भाडे न देता 'अनामतीत वळते करा' म्हणणे. त्याने मालकाला थकबाकीची तक्रार मिळते. दुसरा, पैसे मिळेपर्यंत किल्ली न देणे. लीव्ह अँड लायसेन्सवर राहणाऱ्याने मुदत संपल्यावरही घर अडवले, तर दुप्पट भाड्याइतकी भरपाई द्यावी लागू शकते. किल्ली द्यावी, पण दोन साक्षीदारांसमक्ष. भिंती, नळ, दिवे यांची छायाचित्रे घ्यावीत, मीटरचे आकडे टिपावेत आणि ताब्याच्या कागदावर सही घ्यावी.

मग लेखी मागणी करावी. अनामत कधी व कशी दिली, घर कोणत्या तारखेस सोडले, कोणती वजावट मान्य आहे, एवढेच त्यात असावे. रागाचे शब्द नसावेत. पंधरा दिवसांची मुदत देऊन ती स्पीड पोस्टाने धाडावी आणि पावती जपावी. पुष्कळ मालक लबाड नसतात, त्यांनी रक्कम खर्चून टाकलेली असते इतकेच. अशांशी हप्ते लेखी ठरवून घेणे शहाणपणाचे. पोलीस ठाण्यात जाऊन सहसा उपयोग होत नाही, कारण हा दिवाणी व्यवहार आहे.

तरीही न मिटल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. दावा लावण्यापूर्वीही प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवता येते. तेथे तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ येते आणि त्यावर अपील नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक व अल्प उत्पन्नाचे लोक यांना विनामूल्य वकीलही मिळतो. तडजोड न झाल्यास दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो. त्याची मुदत तीन वर्षांची असून, ती घर सोडल्या दिवसापासूनच मोजणे सुरक्षित.